मार्कर चाचणीतले आकडे आणि आपली जनुके: वाचकांचे प्रश्न

बाळात डाउन सिंड्रोमसारख्या आजाराची शक्यता किती, हे सांगणाऱ्या गरोदरपणातील डबल मार्कर आणि क्वाड्रुपल मार्कर या रक्तचाचण्यांविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे. रिपोर्टमधील प्रथिनाचा आकडा वेगळा आला, तर तो बाळाच्या आजारामुळे आला की आमच्या रक्ताची जातकुळीच तशी आहे, असे वाचक विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. मात्र प्रत्येक प्रथिनाच्या बाबतीत त्याचे उत्तर वेगळे असल्याने पाच पत्रे निवडून प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देत आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय 29 असून ही माझी पहिलीच खेप आहे. बाराव्या आठवड्यातील डबल मार्कर चाचणीत पॅप-ए 0.32 एमओएम आणि फ्री बीटा एचसीजी (वारेतील संप्रेरकाचा भाग) 1.05 एमओएम आले. सोनोग्राफीत एनटी (बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी) 1.4 मिलिमीटर होते. डाउन सिंड्रोमची शक्यता 1:720 असून रिपोर्टवर ‘मध्यम जोखीम’ असे लिहिले आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या बहिणीचा पॅप-एसुद्धा असाच कमी आला होता आणि तिची मुलगी आज उत्तम आहे. मग आमच्या घराण्यातच हे प्रथिन कमी असते असे समजून हा आकडा सोडून द्यावा का? सासूबाई म्हणतात की आमच्याकडे कुणाला असे नव्हते, हे माहेरचेच आहे. (नाशिक)

उत्तर : सासूबाईंच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिचे उत्तर दिले की बाकीचे समजणे सोपे जाईल. पॅप-ए हे प्रथिन मुख्यतः वारेत तयार होते आणि तेथून तुमच्या रक्तात उतरते. वार तुमच्या गर्भाशयाला चिकटलेली असली तरी ती बाळाच्याच पेशींपासून बनलेली असते. त्यामुळे तिच्यातील निम्मी जनुके तुमची आणि निम्मी तुमच्या यजमानांची असतात. म्हणजे पॅप-ए कमी असण्यामागे अनुवंशिकतेचा काही वाटा असलाच, तर त्यात सासर आणि माहेर दोन्ही सारखेच भागीदार आहेत. यात कुणाचाही दोष नाही. घरात हे कुणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आता बहिणीविषयी. तुमच्या बहिणीच्या खेपेतील पॅप-ए तिच्या मुलीच्या वारेतून आले होते आणि तुमचे तुमच्या बाळाच्या वारेतून येत आहे. ही दोन्ही मावसभावंडे आहेत आणि मावसभावंडांमध्ये सरासरी एक अष्टमांशच जनुके समान असतात. एवढ्या थोड्या साम्यावर ‘घराण्यातच कमी’ असा निष्कर्ष काढता येत नाही. एकाच स्त्रीच्या लागोपाठच्या दोन खेपांमध्ये पॅप-एचे आकडे काही प्रमाणात एकमेकांशी जुळतात, हे खरे आहे. त्याचे कारण असे, की सख्ख्या भावंडांच्या वारांमध्ये निम्मी जनुके समान असतात आणि आईचे शरीरही तेच असते. बहिणीबहिणींच्या बाबतीत हा धागा बराच विरळ होतो.

पॅप-एचे जनुक नवव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. या प्रथिनाच्या साखळीत 1224 क्रमांकाच्या जागी काही माणसांत सेरीन हे अमायनो आम्ल असते, तर काहींत टायरोसीन. या फरकाचा रक्तातील पातळीशी काही संबंध आहे का, हे संशोधकांनी तपासलेले आहे. पण अशा एका अक्षराच्या फरकावरून रिपोर्टचा आकडा दुरुस्त करण्याची पद्धत प्रयोगशाळांमध्ये नाही, आणि माझ्या मते तिची गरजही नाही. एमओएम म्हणजे तुमचा आकडा त्याच आठवड्यातील गरोदर स्त्रियांच्या मध्यकाच्या (ओळीने मांडलेल्या आकड्यांतील अगदी मधल्या आकड्याच्या) किती पट आहे, हे सांगणारी संख्या. 0.32 याचा अर्थ मध्यकाच्या जवळजवळ एक तृतीयांश. निरोगी बाळ असलेल्या हजारो स्त्रियांचे आकडे मांडले तर ते मध्यकाच्या दोन्ही बाजूंना बरेच दूरवर पसरलेले दिसतात. त्या पसाऱ्यात प्रत्येकीच्या आणि प्रत्येक वारेच्या जनुकांमधील सर्वसामान्य फरक आधीच सामावलेला असतो. सॉफ्टवेअर जेव्हा 1:720 हे प्रमाण काढते, तेव्हा ‘निरोगी बाळाच्या आईचा आकडा 0.32 असण्याचा संभव किती’ हेही त्याने जमेस धरलेले असते. म्हणून ‘आमच्या जनुकांमुळे कमी आहे’ असे म्हणून त्या आकड्यावर पुन्हा सूट मागता येत नाही, कारण ती सूट हिशेबात एकदा देऊन झालेली आहे.

त्याऐवजी दोन साध्या गोष्टी नक्की तपासाव्यात. एक म्हणजे गर्भाचे वय. पहिल्या तिमाहीत पॅप-ए झपाट्याने वाढते, त्यामुळे पाळीच्या तारखेवरून आठवडे मोजले आणि प्रत्यक्षात गर्भ आठवडाभराने लहान असला, तर निरोगी गर्भधारणेतही आकडा कमी दिसतो. हिशेब सोनोग्राफीत मोजलेल्या गर्भाच्या लांबीवरूनच केला आहे ना, हे रिपोर्टवर पाहावे. दुसरी गोष्ट वजनाची. वजन जास्त असले की रक्ताचे आकारमानही जास्त असते आणि प्रथिन त्यात विरळ होते. प्रयोगशाळा त्यासाठी दुरुस्ती करते खरी, पण अर्जावर वजन अंदाजाने लिहिले असेल तर ती दुरुस्तीच चुकते. धूम्रपान आणि टेस्ट ट्यूब पद्धतीने राहिलेला गर्भ या दोन्ही परिस्थितींतही पॅप-ए कमी येते.

हे सारे बरोबर असेल, तर तुमच्यासमोर दोन वेगळे प्रश्न उरतात. पहिला डाउन सिंड्रोमचा. त्यात पॅप-ए साधारणपणे मध्यकाच्या निम्म्याच्या आसपास असते आणि फ्री बीटा एचसीजी दुपटीच्या आसपास. तुमचे पॅप-ए कमी असले तरी एचसीजी अगदी मध्यकाजवळ आहे आणि एनटीही चांगले आहे. तरीही मध्यम जोखीम असताना एनआयपीटी करून घेणे योग्य ठरेल. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे तपासणारी ही चाचणी डाउन सिंड्रोमच्या शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक गर्भधारणा ओळखते. मात्र तीही चाळणीच आहे, निदान नव्हे. ती पॉझिटिव्ह आली तर गर्भजल तपासणीने खात्री करावीच लागते.

दुसरा प्रश्न वारेचा, आणि एनआयपीटी निगेटिव्ह आली की नेमका तोच विसरला जातो, म्हणून तो आग्रहाने मांडते. वाढीला मदत करणारा आयजीएफ हा घटक शरीरात एका वाहक प्रथिनाला बांधलेला असतो. पॅप-ए ते वाहक प्रथिन कापते आणि आयजीएफ मोकळा करते. गुणसूत्रे निर्दोष असूनही पॅप-ए 0.4 च्या खाली असेल, तर काही स्त्रियांमध्ये पुढे बाळाची वाढ मंदावते किंवा रक्तदाब वाढतो. बहुतेकींना काहीही होत नाही. तरीही रक्तदाबाची नियमित नोंद, विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचे डॉप्लर आणि शेवटच्या तिमाहीत वाढीची सोनोग्राफी यांचे नियोजन आत्ताच करून ठेवावे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री या मोठ्या चाचणीत, अधिक जोखीम असलेल्या स्त्रियांनी 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान सुरू करून 36 व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतल्यावर, मुदतपूर्व प्रीएक्लॅम्प्सियाचे म्हणजे रक्तदाबाच्या आजाराचे प्रमाण बरेच कमी झाले. तुम्हाला ते लागू आहे का, हे तुमचे डॉक्टर रक्तदाब आणि इतर गोष्टी पाहून ठरवतील. स्वतःहून गोळी सुरू करू नये, पण हा प्रश्न विचारायला उशीरही करू नये.

प्रश्न : अठराव्या आठवड्यात केलेल्या क्वाड्रुपल मार्करमध्ये माझे एएफपी 4.1 एमओएम आले. बाकीचे तीन आकडे ठीक आहेत. ॲनोमली स्कॅन दोन वेगळ्या डॉक्टरांनी केला आणि दोघांनाही बाळाचा मणका, डोके, पोट सर्व व्यवस्थित दिसले. योगायोगाने आठवले, की चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचे एएफपी जास्त आल्याने यकृताचा कर्करोग असेल म्हणून पुष्कळ तपासण्या झाल्या होत्या आणि काहीच सापडले नव्हते. याचा काही संबंध असेल का? (सोलापूर)

उत्तर : तुम्हाला झालेली आठवण मोलाची आहे. ती तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा.

एएफपी म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. गर्भाचे यकृत आणि सुरुवातीला पीतककोश ते तयार करतात. एडिनबरो येथील ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी 1972 मध्ये दाखवून दिले, की मेंदू किंवा मणका उघडा राहिलेल्या गर्भाच्या गर्भजलात एएफपी खूप वाढलेले असते, आणि तिथून या चाचणीचा प्रवास सुरू झाला. आईच्या रक्तातील एएफपी 2.5 एमओएमच्या वर गेले की प्रथम मणका आणि कवटी, मग पोटाची पुढची भिंत आणि मूत्रपिंडे पाहतात. गर्भाचे वय चुकले आहे का, जुळे आहे का, वारेमागे रक्तस्राव झाला आहे का, हेही तपासतात. तुमच्या बाबतीत हे सर्व झाले आहे असे दिसते.

आता वडिलांकडे वळू. जन्मानंतर यकृत एएफपीचे जनुक जवळजवळ बंद करते आणि मोठ्या माणसाच्या रक्तात ते अत्यल्प उरते. हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या अलीकडे, जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात, एचएनएफ-1 नावाचे प्रथिन येऊन बसते. तेथील एक अक्षर बदलले की ते प्रथिन तिथे अधिक घट्ट बसते आणि बंद व्हायला हवे ते जनुक आयुष्यभर थोडेफार चालू राहते. या स्थितीत रक्तातील एएफपी कायम जास्त असते आणि दुसरे काहीही होत नाही. याला आनुवंशिक एएफपी-सातत्य म्हणता येईल. 1980 च्या दशकात स्कॉटलंडमधील एका कुटुंबात त्याचे वर्णन झाले आणि 1993 मध्ये जनुकातील नेमका बदल सापडला. हा बदल आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणून प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

तुमच्या रक्तातील जास्तीचे एएफपी बाळाचे नसून तुमच्याच यकृताचे असू शकते. हे तपासणे फार अवघड नाही. वडिलांचे, शक्य असल्यास आईचे आणि भावंडांचे एएफपी एकदा मोजावे. घरातील आणखी कुणाचे जास्त आढळले तर शंका बळावते, आणि जनुकाची तपासणी करून खात्री करता येते. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी तुमचे स्वतःचे एएफपी पुन्हा मोजले आणि ते खाली आले नाही, तर तोही भक्कम पुरावा ठरेल.

मात्र वडिलांचा इतिहास हाती आला म्हणून पुढची देखरेख सोडू नका. कारण न सापडलेले जास्त एएफपी पुष्कळदा वारेच्या दुबळेपणाची खूण असते, म्हणून खात्री होईपर्यंत बाळाच्या वाढीवर आणि तुमच्या रक्तदाबावर लक्ष ठेवायला हवे. गर्भजल तपासण्याचा विषय निघालाच, तर त्यात ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकरही (एन्झाइम) पाहायला सांगावे. ते मज्जातंतूंमधून येते, त्यामुळे मणका झाकलेला असेल तर केवळ एएफपीच्या आनुवंशिक वाढीमुळे ते वाढायचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट वडिलांसाठी आणि भावासाठी. एएफपी हे यकृताच्या आणि वृषणाच्या कर्करोगातही मोजले जाते, आणि हा निरुपद्रवी बदल असलेल्या काही पुरुषांवर केवळ या आकड्यामुळे नको ते उपचार झाल्याचे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. खात्री झाल्यास तशी लेखी नोंद कुटुंबातील प्रत्येकाच्या फाइलमध्ये ठेवावी.

उलट टोकही असते. काही गर्भांमध्ये एएफपीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात आणि आईच्या रक्तात एएफपी जवळजवळ सापडतच नाही, तरी बाळे निरोगी जन्मतात. फिनलंडमध्ये तिसरीच अडचण पुढे आली. तेथे जन्मजात मूत्रपिंडाचा एक आजार इतर देशांपेक्षा जास्त आढळतो आणि त्यात गर्भाच्या लघवीतून प्रथिने गळत असल्याने गर्भजलातील एएफपी अतिशय वाढते. त्या आजाराचे एनपीएचएस-1 हे जनुक 1998 मध्ये सापडले. त्यानंतर असे दिसून आले, की या जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या, म्हणजे केवळ वाहक असलेल्या आणि पुढे निरोगी जन्मलेल्या गर्भांमध्येही गर्भजलातील एएफपी काही काळ वाढलेले असू शकते. म्हणजे एकाच प्रथिनाचा आकडा तीन निरनिराळ्या जनुकीय कारणांनी फसवू शकतो. एखादाच मार्कर टोकाला गेला असेल आणि बाकी सारे आपापल्या जागी असतील, तर बाळाच्या आजाराइतकाच त्या मार्करच्या स्वतःच्या जनुकाचाही विचार व्हायला हवा, असे मला कळकळीने वाटते. अनेक ठिकाणी तो होत नाही.

प्रश्न : पत्नीच्या क्वाड्रुपल मार्करमध्ये एस्ट्रिऑल 0.05 एमओएम, म्हणजे जवळपास शून्य आले. एएफपी, एचसीजी आणि इन्हिबिन व्यवस्थित आहेत. सोनोग्राफी चांगली आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. आम्ही फार घाबरलो आहोत. पत्नीच्या भावाच्या पायांवर लहानपणापासून काळसर खवले आहेत, एवढाच एक त्रास त्यांच्या घरात आहे. (लातूर)

उत्तर : एस्ट्रिऑल स्वतः प्रथिन नाही, ते संप्रेरक आहे. पण ते तयार व्हायला वारेतील एक प्रथिन, म्हणजे स्टेरॉइड सल्फटेज हे विकर, अत्यावश्यक असते. गर्भाच्या मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीत कच्चा माल तयार होतो, गर्भाच्या यकृतात त्यावर प्रक्रिया होते आणि शेवटी वारेत हे विकर त्याला चिकटलेला सल्फेटचा तुकडा काढून टाकते. तो निघाला तरच पुढे एस्ट्रिऑल बनते. हे विकर नसेल तर बाळ सुदृढ असूनही एस्ट्रिऑल शून्याजवळ येते.

या विकराचे जनुक एक्स गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकाजवळ आहे आणि ते नसलेल्या पुरुषांना त्वचेचा एक विकार होतो. अंगावर, विशेषतः पायांवर, माशासारखे काळसर खवले दिसतात आणि थंडीत ते वाढतात. तुमच्या मेहुण्यांच्या त्रासाचे वर्णन याच्याशी जुळते. स्त्रियांमध्ये एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असल्याने वाहक स्त्रीला सहसा त्रास होत नाही, म्हणून पत्नीला काही जाणवले नसेल तर त्यात नवल नाही.

मात्र एस्ट्रिऑल इतके कमी येण्याची इतर कारणेही आहेत आणि ती आधी बाजूला करायला हवीत. पत्नीने दमा, संधिवात किंवा अन्य कारणासाठी स्टेरॉइड घेतले असेल, तर गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीचे काम मंदावते आणि एस्ट्रिऑल घटते. एडवर्ड्स सिंड्रोममध्येही (अठराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असण्याचा आजार) ते कमी असते, पण त्यात एचसीजी आणि एएफपीही बहुधा खाली असतात. स्मिथ-लेमली-ओपिट्झ या आजारात शरीराला कोलेस्टेरॉल नीट बनवता येत नाही, त्यामुळे एस्ट्रिऑलचा कच्चा मालच कमी पडतो. हा आजार गंभीर आहे, आणि त्याचा विचार करूनच सोनोग्राफी बारकाईने पुन्हा पाहिली जाते.

यासाठी माझी पहिली सूचना गर्भाला सुई न लावण्याची आहे. पत्नीच्या साध्या रक्तनमुन्यातून तिच्या एक्स गुणसूत्रावरील हा तुकडा गहाळ आहे का, हे मायक्रोॲरे किंवा तत्सम चाचणीने पाहता येते. या विकारात बहुतेक रुग्णांमध्ये अख्खे जनुकच गळालेले असते, त्यामुळे ही तपासणी सहसा उत्तर देते. गळालेला भाग किती मोठा आहे, हेही त्यातून कळते, आणि ते महत्त्वाचे आहे. केवळ हे एक जनुक गेले असेल तर प्रश्न मुख्यतः त्वचेचा राहतो. शेजारची जनुकेही गेली असतील तर घ्राणशक्ती, पौगंडावस्था किंवा बौद्धिक विकास यांवर परिणाम होऊ शकतो आणि त्याविषयी जनुकीय समुपदेशकाशी सविस्तर बोलावे लागते.

कायद्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. 1994 चा पीसीपीएनडीटी कायदा लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांच्या निदानासाठी गर्भाच्या तपासणीला परवानगी देतो, पण गर्भाचे लिंग कुणालाही, कोणत्याही प्रकारे सांगण्यास सक्त मनाई करतो. तुम्हीही ते विचारू नये. पत्नीच्या तपासणीतून मिळालेले उत्तर प्रसूतीच्या नियोजनासाठी पुरेसे असते. हे विकर नसलेल्या गर्भधारणेत कळा उशिरा सुरू होणे किंवा गर्भाशयाचे तोंड सावकाश उघडणे असे घडू शकते, म्हणून प्रसूतीतज्ज्ञांना ही शक्यता आधीच माहीत असावी.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउ येथे राहतो. मला 1:200 असा निकाल आला आणि ‘कमी शक्यता’ असे पत्र मिळाले. पुण्यातील मैत्रिणीला 1:220 आले, तर तिला ‘हाय रिस्क’ सांगितले. शिवाय इथे अर्जात वंश विचारतात, ते मला खटकले.

उत्तर : तुम्हा दोघींचेही निकाल जवळपास सारखेच आहेत, फरक फक्त रेषा कुठे आखली आहे याचा आहे. इंग्लंडच्या शासकीय आरोग्यसेवेत ती रेषा 1:150 वर आहे, आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा ती 1:250 वर धरतात. कितींना पुढच्या तपासणीसाठी बोलवायचे, हा धोरणाचा निर्णय असतो. 1:200 म्हणजे अशा दोनशे गर्भधारणांपैकी एकीत डाउन सिंड्रोम असेल, आणि हे वाक्य दोन्ही देशांत तेवढेच खरे आहे. तेवढी अनिश्चितता तुम्हाला नको असेल तर तुमच्या मिडवाइफशी बोला. 2021 पासून तेथे 1:150 किंवा त्याहून अधिक शक्यता असलेल्या स्त्रियांना एनआयपीटी शासकीय खर्चाने दिली जाते, इतरांना ती खासगीत करता येते.

वंश विचारण्यामागे मापनाचे कारण आहे. कॅरिबियन व आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये पॅप-ए गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ दीडपट असते. सर्वांना एकच मध्यक लावला तर त्यांच्यातील खरोखरची कमतरता झाकली जाते. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीही वेगळी दुरुस्ती वापरतात. ही चौकट ढोबळ आहे हे मान्य, कारण कोकणातील, पंजाबमधील आणि तामिळनाडूतील स्त्री एकाच खान्यात बसते. तरी रिकामी सोडण्यापेक्षा खरी माहिती भरलेली चांगली.

प्रश्न : आम्ही सिंधी आहोत. माझे पती थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहेत. मी नऊ आठवड्यांची गरोदर आहे. माझे एचबीए-2 3.2 टक्के आले म्हणून ‘तुम्ही वाहक नाही’ असे सांगितले, पण एमसीव्ही (तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान) 66 म्हणजे कमी आहे आणि लोहाचे प्रमाण चांगले आहे. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे. कुणाचे ऐकू? (उल्हासनगर)

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांचे ऐकावे, आणि याच आठवड्यात.

बीटा थॅलेसेमियाचा वाहक ओळखताना एचबीए-2 या हिमोग्लोबिनवर मोठी भिस्त असते. वाहकांमध्ये ते बहुधा साडेतीन ते चार टक्क्यांच्या वर जाते. पण एचबीए-2 मध्ये डेल्टा नावाची साखळी असते आणि तिचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर बीटाच्या जनुकाजवळच आहे. एखाद्या व्यक्तीत बीटाबरोबर डेल्टाच्या जनुकातही बदल असेल, तर वाढायला हवे ते एचबीए-2 वाढतच नाही आणि वाहक व्यक्ती रिपोर्टवर नॉर्मल दिसते. बीटाच्या काही सौम्य बदलांमध्येही ते सीमारेषेवरच राहते. लोहाची कमतरता हा आकडा खाली ओढते आणि बी-12 ची कमतरता वर ढकलते, म्हणून बी-12 हेही एकदा पाहावे. अल्फा थॅलेसेमियातही एमसीव्ही कमी आणि एचबीए-2 नॉर्मल असते. ते असेल तर चिंता बरीच कमी होईल, पण हे अंदाजाने ठरवता येणार नाही. लोह पुरेसे असताना एमसीव्ही 66 असणे आणि पती निश्चित वाहक असणे या दोन गोष्टी एकत्र आल्यावर 3.2 या आकड्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

तुमच्या रक्तातून बीटा ग्लोबिन जनुकाची थेट तपासणी करून घ्या. त्यात एक बारकावा आहे. सिंधी समाजात या जनुकाचा 619 अक्षरांचा तुकडा गळालेला असणे हा बदल बऱ्याच जणांत आढळतो आणि केवळ क्रमवाचनाच्या चाचणीत असा गळालेला तुकडा निसटू शकतो. त्यामुळे ‘619 च्या डिलीशनसाठी वेगळी तपासणी करा’ असे प्रयोगशाळेला लेखी सांगावे. पतींचा नेमका बदल कोणता, हेही त्याच वेळी शोधून ठेवावे, कारण दोघांचे बदल माहीत असल्याशिवाय गर्भाची तपासणी करता येत नाही. मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था या विषयात दीर्घकाळ काम करीत आहे. तेथे किंवा तुमच्या जवळच्या जनुकीय केंद्रात लगेच फोन करून वेळ घ्यावी.

दोघेही वाहक निघालात तर बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आजाराचे गंभीर रूप, असण्याची शक्यता चारांत एक असते. त्याची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन करतात. तुमच्या हाती अकरावा आठवडा सुरू होईपर्यंत जेमतेम दोन आठवडे आहेत आणि तेवढ्यात दोघांचे जनुकीय रिपोर्ट यायला हवेत. डबल मार्कर चाचणीत थॅलेसेमिया दिसत नाही, म्हणून त्या रिपोर्टची वाट पाहत थांबू नका.